मिग-21 ‘बिघडवलं’ म्हणण्याआधी: सिममध्ये उडणाऱ्या मराठी वैमानिकांना खुले पत्र

मित्रहो,

सिममधल्या (संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमधल्या) मिग-21 बिसच्या फ्लाइट मॉडेलमध्ये, म्हणजे विमान कसं उडेल ते ठरवणाऱ्या गणितात, बदल झाला की आपल्यात तीन तक्रारी हमखास उठतात. मधल्या वेगात नाक उड्या मारतं. धावपट्टीच्या तोंडाशी विमान दगडासारखं खाली बसतं. जोरात वळताना स्टिक डावीकडे टाकली तर विमान उजवीकडे लोळतं. तिन्हींचा शेवट एकाच वाक्यात होतो, ‘विमान बिघडवलं, जुनं परत द्या.’ हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. फ्लाइट मॉडेल करणारे चुकत नाहीत असं आमचं म्हणणं मुळीच नाही. ते चुकतात, आणि तेव्हा त्यांना नेमकं बोट दाखवता यायला हवं. मात्र मिग-21 हे एकाच उड्डाणात चार वेळा स्वभाव बदलणारं विमान आहे. त्याचा मूळ स्वभाव कोणता आणि अपडेटने घातलेला फरक कोणता, हे वेगळं काढता आलं नाही तर आपली तक्रार कोणी वाचणार नाही, आणि ते योग्यच ठरेल.

या विमानाशी आपलं नातं नुसतं खेळापुरतं नाही. 1963 मध्ये ते भारतीय हवाई दलात आलं, नाशिकजवळ ओझरला त्याची बांधणी झाली आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. ज्यांनी ते बांधलं, सांभाळलं, उडवलं अशी माणसं आपल्या घरांत, शेजारात आहेत. आता ते उडताना दिसणार नाही. तरुण मुलामुलींना ते हाताला कसं लागायचं हे कळायचा एक मार्ग म्हणून सिम उरलं आहे. म्हणूनच ते बरोबर असावं, ही आमची कळकळ आहे.

सुरुवात विमानापासून करू नका, टेबलापासून करा. मोठं अपडेट आलं की बऱ्याच सिममध्ये जोडण्यांची यादी पुन्हा भरली जाते. मग पिचचा (नाक वर-खाली करण्याचा) अक्ष तुमच्या स्टिकला जोडलेला असतोच, शिवाय रडर पेडलच्या एखाद्या ब्रेकला किंवा थ्रॉटलच्या एखाद्या चाकालाही जोडला जातो. दोन यंत्रं एकाच अक्षावर बोलू लागली की नाक थरथरतं, मध्येच झटका देतं, आणि दोष मॉडेलवर जातो. अक्षांच्या पानावर जाऊन पिच, रोल, रडर आणि थ्रॉटल या चार ओळी आडव्या वाचा. प्रत्येक ओळीत एकच नाव असायला हवं. त्यानंतर नियंत्रणांची चौकट पडद्यावर आणा आणि स्टिक सोडून द्या. चौकटीतला ठिपका स्थिर बसला पाहिजे. तो एक-दोन टक्के नाचत असेल तर तुमच्या स्टिकमधलं पोटेन्शिओमीटर झिजलं आहे. हॉल सेन्सर असलेल्या स्टिकमध्ये हा त्रास क्वचित दिसतो.

मग कर्व्ह पाहा, म्हणजे स्टिक किती हलली की सिमला किती पोहोचतं ते ठरवणारी वक्ररेषा. याबद्दल फार मोठा गैरसमज आहे. ‘नाक फार संवेदनशील आहे, कर्व्ह वाढव’ हा सल्ला आपण एकमेकांना डोळे मिटून देतो. नेहमीचा कर्व्ह घनाच्या सूत्राने चालतो असं धरून आकडेमोड करा. 30 टक्के कर्व्ह लावला की मध्यभागी स्टिकचा परिणाम मूळच्या 0.7 पट होतो, पण टोकाला तो 1.6 पट होतो. म्हणजे स्टिक मध्यावर असताना आणि पोटाशी ओढलेली असताना तिच्या तिखटपणात सव्वादोन पटींहून जास्त फरक पडतो. आता मिग उतरताना स्टिक कुठे असते ते आठवा. ती मागे ओढलेली असते, म्हणजे तुम्हीच तिखट केलेल्या भागात. वर गोड वाटणारा कर्व्ह खाली उतरताना दगा देतो तो असा. ज्यांना जमेल त्यांनी कर्व्ह 10 ते 15 च्या पुढे नेऊ नये आणि स्टिकची लांबी वाढवावी. टेबलावरच्या स्टिकची मूठ सांध्यापासून 20 सेंटिमीटर वर आणि झुकण्याची मर्यादा 20 अंश असेल, तर मूठ एका बाजूला जेमतेम 7 सेंटिमीटर सरकते. 20 सेंटिमीटरची नळी जोडली की तीच मूठ साडेतेरा सेंटिमीटरहून थोडी जास्त सरकते. खऱ्या विमानात वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमध्ये लांब दांडा असतो. मॉडेल त्या दांड्यासाठी बांधलेलं असतं, आपल्या टेबलावरच्या ठेंगण्या स्टिकसाठी नाही.

पडद्याचा वेग हीसुद्धा टेबलावरचीच गोष्ट. अपडेटनंतर फ्रेम घटल्या की तुम्ही स्टिक ओढल्यापासून नाक हललेलं दिसेपर्यंतचा उशीर वाढतो. तुम्ही जास्त ओढता, मग घाबरून सोडता, मग पुन्हा ओढता. नाकाची ही झुलण विमानाची आहे असं वाटतं, पण ती तुम्ही आणि तो उशीर मिळून तयार केलेली असते. ग्राफिक्स एक पायरी उतरवून तेच वळण पुन्हा घ्या. झुलण गेली, तर तक्रार मॉडेलची नव्हती.

इतकं झाल्यावर विमानाकडे वळू. नाक उड्या मारतं या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा एआरयू समजून न घेण्यात असतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

मिग-21 ची आडवी शेपटी अख्खीच्या अख्खी फिरते आणि ती हायड्रॉलिक बूस्टर फिरवतो. हवेचा दाब स्टिकपर्यंत परत येत नाही. हाताला जो जोर लागतो तो स्प्रिंगचा असतो. आता शेपटीचा तोच कोन वेगवेगळ्या वेगाला काय करतो ते पाहा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 450 किलोमीटरला शेपटीच्या एका कोनाने जेवढा परिणाम होतो, त्याच्या साधारण चौपट परिणाम तोच कोन 900 ला करेल. स्टिक आणि शेपटी थेट जोडलेली असती, तर कमी वेगाला विमान ढिम्म राहिलं असतं आणि जास्त वेगाला मनगटाच्या झटक्याने पंख तुटले असते. हे टाळण्यासाठी मध्ये एआरयू-3व्ही नावाची स्वयंचलित यंत्रणा आहे. ती वेग आणि उंचीचा दाब घेऊन स्टिक आणि शेपटी यांच्यातल्या तरफेची भुजा बदलते. कमी वेगाला भुजा लांब, म्हणजे तेवढ्याच स्टिकला शेपटी जास्त फिरते. वेग वाढत गेला की भुजा आखूड होत जाते. खूप उंचावर, विरळ हवेत, ती पुन्हा लांब होते, कारण तिथे शेपटीला जास्त फिरावंच लागतं.

याचा अर्थ असा की स्टिकची एकच जागा दर वेगाला वेगळं बोलते, आणि ते बोलणं एखादं यंत्र बदलत असतं. लांबवरून वेग घेत येणारा आणि वळणात वेग गमावणारा, दोघंही 650 वर असले तरी भुजा जागेवर यायला लागणाऱ्या वेळामुळे दोघांच्या हाताला वेगळं विमान लागू शकतं. वेग पटकन बदलताना ट्रिम (स्टिक धरून न ठेवता नाक जागेवर ठेवणारी जुळणी) सतत सरकवावा लागतो तोही याच कारणाने. खऱ्या विमानात ट्रिम दिला की स्प्रिंगचा मध्य सरकतो आणि दांडा स्वतः नव्या जागी जाऊन थांबतो. आपल्या टेबलावरची स्टिक मात्र जुन्याच मध्यावर परत येते. त्यामुळे ट्रिम देताना स्टिक हळूहळू सोडावी लागते. ट्रिम देऊन स्टिक तिथेच धरून ठेवली तर परिणाम दुप्पट होतो, आणि नाक ‘उडी मारतं’.

कॉकपिटमध्ये एआरयूची भुजा दाखवणारं घड्याळ आहे. अपडेटनंतर पहिल्या उड्डाणात ते बघितल्याशिवाय पिचबद्दल एक शब्दही लिहू नका. स्विच स्वयंचलितवर आहे ना, वेग वाढताना काटा आखूड भुजेकडे सरकतो ना, उतरायच्या वेगाला तो लांब भुजेवर परत येतो ना आणि उतरण्यासाठी शेपटी तयार असल्याचा दिवा लागतो ना, एवढं पाहा. काटा लांब भुजेवर अडकून राहिला आणि तुम्ही 900 ला गेलात, तर विमान सांभाळणं अशक्य होईल. आखूड भुजेवर अडकला, तर उतरताना स्टिक पोटाला टेकेल तरी नाक वर येणार नाही. तेव्हा स्विच हाती चालवण्यावर घ्या आणि भुजा स्वतः लांब करा. बिघाडांचा पर्याय सर्व्हरवर चालू असेल तर हा बिघाड मुद्दाम टाकलेलाही असू शकतो.

ध्वनिवेगाजवळ आणखी एक गोष्ट घडते. पंखावरच्या लिफ्टचा (विमानाला वर उचलणाऱ्या बलाचा) मध्य मागे सरकतो, विमान नाकाला जड होतं आणि जास्त शेपटी मागतं. वळण घेत असताना वेग ध्वनिवेगाखाली आला की हा मध्य पुढे परत येतो. तुम्ही ओढून धरलेली शेपटी मात्र तेवढीच असते, म्हणून जी (वळणात अंगावर येणारा भार, गुरुत्वाच्या पटीत) आपोआप उसळतो. हे अगदी खरं वर्तन आहे. ते दिसलं तर आनंद माना. ते दिसलं नाही तर तक्रार करा.

आता खाली बसण्याची तक्रार. मिग-21 बिसच्या फ्लॅपवर (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या पट्टीवर) कॉम्प्रेसरमधून काढलेली हवा फुंकली जाते. या योजनेला एसपीएस म्हणतात. फ्लॅप उतरण्याच्या पूर्ण 45 अंशांवर असतात तेव्हाच ती कामाची. उड्डाणाच्या 25 अंशांवर तिचा काही संबंध नाही. फुंकलेली हवा फ्लॅपवरच्या प्रवाहाला सुटू देत नाही, म्हणून उतरण्याचा वेग चांगलाच कमी होतो. पण ही हवा इंजिनकडून येते. थ्रॉटल मागे ओढला की इंजिनाचे फेरे घटतात, फुंकणं मंदावतं आणि जोर घटण्याबरोबर लिफ्टही घटते. समजा, लिफ्ट फक्त दहा टक्के घटली. तरी विमान दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद इतक्या हिशेबाने खाली वेग घेऊ लागतं. तीन सेकंदांत ते चार मीटरहून जास्त खाली आलेलं असतं आणि खाली जाण्याचा वेग सेकंदाला तीन मीटर झालेला असतो. धावपट्टीच्या तोंडाशी पाच-सहा मीटरवर असताना हे घडलं की चाकं मोडतात. त्यात पुन्हा थ्रॉटल पुढे ढकलला तरी इंजिनला फेरे धरायला कित्येक सेकंद लागतात.

इतर जेटमध्ये आपण ‘धावपट्टी मिळाली, थ्रॉटल मागे’ करतो. मिगमध्ये तसं करायचं नाही. अंतिम मार्गावर ताशी साधारण 340 किलोमीटर, धावपट्टीच्या टोकावर 310 ते 320 आणि स्पर्श 260 ते 270 असा वेग धरा. इंजिन सगळा वेळ जिवंत ठेवा आणि नाक वर घेऊन विमान तरंगू लागल्यावरच थ्रॉटल हळूहळू मागे घ्या. एसपीएसचा स्विच बंद असेल तर प्रत्येक टप्प्याला निदान तीस-चाळीस जास्त ठेवा. एकाच पंखावर फुंकणं बंद पडलं आणि विमान लोळू लागलं, तर फ्लॅप 25 वर परत घ्या.

वजन विसरू नका. आतल्या टाक्यांत 2880 लिटर इंधन मावतं, म्हणजे सुमारे सव्वादोन टन. रिकामं विमान सहा टनांच्या आसपास आहे हे लक्षात घेतलं, तर हा आकडा किती मोठा ते कळतं. 6600 किलो वजनाला 260 वर स्पर्श होत असेल, तर 8100 किलोला तीच लिफ्ट मिळायला 288 लागतील, कारण वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो. आपण ऑनलाइन उडतो तेव्हा लढाई लवकर आटोपते आणि निम्म्याहून जास्त इंधन घेऊन आपण परत येतो, तेही न वापरलेल्या क्षेपणास्त्रांसकट. एकटे सराव करताना मात्र टाकी तळाला आलेली असते. दोन्ही वेळा 260 धरायचा हट्ट केला तर एकदा विमान नीट बसेल, दुसऱ्यांदा आपटेल. या विमानातलं इंधनाचं घड्याळ टाकीत उरलेलं थेट मोजत नाही. किती वाहून गेलं ते वजा करून दाखवतं, आणि सुरुवातीचा आकडा आपण हाताने लावायचा असतो. सर्व्हरवर पुन्हा इंधन भरून तो आकडा लावला नाही, तर तुमचा सगळा हिशेब चुकलेला असतो. टाक्या ज्या क्रमाने रिकाम्या होतात त्याने गुरुत्वमध्यही सरकतो. म्हणून पिचची कुठलीही तुलना इंधनाचा आकडा सांगितल्याशिवाय करता येत नाही.

तिसरी तक्रार, उलटं लोळण्याची. हिच्यावर जास्त बोलायची गरज नाही. 57 अंश मागे वळलेला डेल्टा पंख मोठ्या एओएवर (पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातल्या कोनावर) असताना एलेरॉन (पंखाच्या कडेची, विमान लोळवणारी पट्टी) फिरवलं की नाक विरुद्ध बाजूला सरकतं, आणि मागे वळलेल्या पंखावर नाक सरकलं की विमान त्याच बाजूला लोळतं. एलेरॉनने दिलेलं लोळणं अशा रीतीने खाऊन टाकलं जातं, कधी उलटंही होतं. यावर औषध जुनंच आहे. एओएचा काटा वर असेल तेव्हा स्टिक मध्यावर ठेवा आणि पायाने लोळवा. 28 च्या पुढे काटा जाऊ देऊ नका. फ्लाइट मॉडेल करणाऱ्यांनी हे वर्तन पूर्वी कमी ठेवलं असेल आणि आता वाढवलं असेल, तर विमान खऱ्याच्या जवळ आलं आहे. एक गोष्ट मात्र तपासून बघा. मिगच्या रडरला बूस्टर नाही. वैमानिकाच्या पायाची ताकद आणि हवेचा दाब यांची थेट झुंज असते. जास्त वेगाला पेडल पूर्ण दाबता येणं हेच चुकीचं आहे. 1000 ला रडर टोकापर्यंत जात असेल तर तो मॉडेलमधला दोष आहे आणि तो नक्की कळवा.

वळणात वेग फार गळतो, ही कुजबुजही असते. पंखाचा विस्तार 7.15 मीटर आणि क्षेत्रफळ 23 चौरस मीटर. विस्ताराचा वर्ग भागिले क्षेत्रफळ म्हणजे सुमारे 2.2. आपल्या सर्व्हरवर समोर नेहमी येणाऱ्या एफ-5ई चा हा आकडा 3.8 आहे. लिफ्ट निर्माण करण्याच्या बदल्यात मिळणारा ड्रॅग (हवेचा विरोध) या आकड्याच्या व्यस्त असतो, म्हणून तेवढ्याच लिफ्ट गुणांकाला मिगला तो पावणेदोन पटींच्या जवळ भोगावा लागतो. आणि एका वेगाला 1 जी वरून 5 जी वर गेलात की हा ड्रॅग पंचवीस पट होतो. एफ-5 बरोबर सपाट चक्करीत अडकलात तर हराल, हे कुठल्याही अपडेटच्या आधीही खरं होतं. मिगने उभ्या पातळीत लढायचं, वेग राखायचा, एक झडप घालून निघून जायचं.

जोर कमी केला, अशीही तक्रार ऐकू येते. आर-25-300 इंजिनचा पूर्ण आफ्टरबर्नर (मागच्या झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी योजना) 6850 किलोग्रॅम-बल देतो. 9900 चा जो आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, तो आणीबाणीच्या दुसऱ्या आफ्टरबर्नरचा, आणि तोही जमिनीलगत ध्वनिवेगाच्या आसपास मिळणारा. धावपट्टीवर उभं असताना तो 7100 च्या जवळच असतो. शिवाय त्याचा वेगळा स्विच लावावा लागतो, तो 4000 मीटरच्या खालीच कामाचा आहे आणि काही मिनिटांपुरताच आहे. उड्डाण घेताना 9900 शोधणारा माणूस दर वेळी निराशच होईल. सर्व्हरचं तापमानही पाहा. वाळवंटी नकाशावर 40 अंश लावलेले असतील तर हवा 15 अंशांच्या मानाने आठ टक्के विरळ असते. इंजिन कमी जोर देतं, आणि तोच दर्शक वेग (घड्याळावर दिसणारा वेग) गाठायला जमिनीवरचा खरा वेग चार टक्के जास्त लागतो. धाव त्यामुळे लांबते. बिकानेरजवळच्या नाल तळावरून या विमानाच्या शेवटच्या तुकड्या उडाल्या. उन्हाळ्यातल्या दुपारी तिथल्या वैमानिकांपुढे हेच गणित होतं.

आता जे करायचं ते. मोजायचं कसं यावर आमचं सगळ्यात जास्त म्हणणं आहे, कारण इथेच आपण कमी पडतो.

सर्व्हरवर मोजू नका, ऑफलाइन मोजा. हवा 15 अंश, दाब 760 मिलिमीटर, वारा शून्य, खळबळ बंद. आतलं इंधन 50 टक्के, पंखाखाली काही नाही. उंची 1000 मीटर. इंधन खर्च होऊ नये असा पर्याय असेल तर तो चालू करा, म्हणजे वजन बदलणार नाही. प्रत्येक चाचणी तीनदा करा आणि मधला आकडा लिहा.

पिचसाठी एक युक्ती आहे. हाताने ‘थोडंसं’ ओढलं तर दर वेळी वेगळं ओढलं जातं. म्हणून चाचणीपुरता कर्व्ह शून्य करा आणि पिच अक्षाची वरची मर्यादा 20 टक्क्यांवर आणा. आता स्टिक पूर्ण मागे ओढली तरी सिमला बरोबर 20 टक्केच मिळतील, तुम्ही ओढा की तुमचा मित्र ओढो. 500, 700 आणि 900 किलोमीटरला विमान सरळ रेषेत ट्रिम करा, स्टिक एका झटक्यात पूर्ण मागे घ्या, दोन सेकंद धरा. जी चा सगळ्यात वरचा आकडा आणि स्थिरावलेला आकडा, दोन्ही लिहा. सोबत एआरयूच्या काट्याची जागा लिहा. वरचा आकडा स्थिर आकड्यापेक्षा फार पुढे जात असेल तर डॅम्पिंग (झुलण शमवण्याचा गुण) बदललं आहे. दोन्ही सारख्या प्रमाणात वाढले असतील तर शेपटीची ताकद, भुजा किंवा गुरुत्वमध्य बदलला आहे. ‘उड्या मारतं’ या दोन शब्दांत हे दोन्ही दोष गाडले जातात, आणि ते दुरुस्त करण्याच्या जागा पूर्णपणे वेगळ्या आहेत. एसएयूचं (विमानातल्या स्वयंचलित नियंत्रण यंत्रणेचं) डॅम्पिंग चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा ही चाचणी घ्या.

उतरण्याची चाचणी 3000 मीटरवर घ्या. तिथे आपटायला जमीन नसते. चाकं खाली, फ्लॅप 45, एसपीएस चालू. 340 वर विमान सरळ ठेवा आणि एओए लिहा. मग 270 पर्यंत हळूहळू उतरा आणि दर वीस किलोमीटरला एओए लिहा. अंदाजाला एक गणित जवळ ठेवा. 7500 किलो वजनाला 23 चौरस मीटर पंख धरून लिफ्ट गुणांक 340 ला 0.59 आणि 270 ला 0.93 येतो, म्हणजे दीडपटीहून जास्त. दर्शक वेग वापरला तर उंचीने या गणितात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. त्यानंतर 320 वर स्थिर राहून थ्रॉटल एकदम मागे घ्या, नाक धरून ठेवा आणि पाच सेकंदांत खाली जाण्याचा वेग किती झाला ते पाहा. एसपीएस बंद करून हेच पुन्हा. दोन्ही वेळा आकडा सारखाच आला, तर मॉडेलमध्ये फुंकणं नीट जोडलेलंच नाही. हा खरा शोध असेल.

लोळण्यासाठी 600, 800 आणि 1000 ला पूर्ण स्टिक देऊन 360 अंश फिरायला किती सेकंद लागतात ते व्हिडिओवर मोजा. स्टॉपवॉचवर विसंबू नका. प्रवेगासाठी 600 ते 1000 सरळ रेषेत, आधी साध्या आफ्टरबर्नरवर, मग आणीबाणीच्या.

तक्रार लिहिताना एका पत्रात एकच गोष्ट मांडा. आधीची आणि नंतरची आवृत्ती, तापमान, दाब, इंधन लिटरमध्ये, भार, फ्लॅप, एसपीएस, एआरयू, एसएयू, दर्शक वेग, उंची, अपेक्षित आकडा आणि तो कुठल्या पुस्तिकेच्या कुठल्या पानावर आहे, एवढं द्या. नोंद पाच मिनिटांपेक्षा लांब नको. पुस्तिकेतला आकडा कुठल्या प्रकारच्या मिगचा आहे ते तर शंभरदा तपासा. एफएल, एम, बिस आणि बायसन ही चार वेगळी विमानं आहेत. काहींचं इंजिन वेगळं, वजन वेगळं. निवृत्त अधिकाऱ्यांशी बोलायची संधी मिळाली तर ती सोडू नका. त्यांना ‘हे बरोबर वाटतं का’ असं विचारण्यापेक्षा ‘तुमचा प्रकार कोणता, इंधन किती ठेवून उतरायचात, थ्रॉटल केव्हा मागे घ्यायचात’ असं विचारा. हाताची आठवण पक्की असते, पण ती दांड्यावरच्या जोराची असते आणि आपली स्टिक फक्त जागा ओळखते.

शेवटचं, आणि हे आजच करायचं. मोजमाप अपडेटच्या आधीच घेऊन ठेवावं लागतं. एकदा फायली बदलल्या की तुलनेसाठी जुनं विमान उरत नाही. नोंदी दोन प्रकारच्या असतात हेही समजून घ्या. काही सिमची स्वतःची नोंद फक्त तुमची स्टिक आणि बटणं साठवते आणि परत दाखवताना विमान नव्याने उडवते. अशी जुनी नोंद नव्या आवृत्तीत लावली की त्याच हालचालींवर विमान वेगळीकडे जातं. कुठल्या सेकंदाला वाट फुटली ते पाहिलं की बदल कुठे झाला ते कळतं, म्हणून तीही जपून ठेवा. पण आकड्यांसाठी वेग, जी, एओए आणि जागा साठवणारी टेलिमेट्री नोंद वेगळी घ्या, कारण ती बदलत नाही. वरच्या चारही चाचण्या तीन-तीनदा करायला एक संध्याकाळ पुरते. फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक आणि इंधनाचा आकडा घाला, आणि एक प्रत गटातल्या दुसऱ्या कुणाकडे ठेवा.

तुमचेच,
मिग-21 बिस उडवणारे काही सहकारी